मनात वाचलेलं पत्र

“हाई तीच शे ना, मरनन्या चिठ्ठ्या वाचनारी? तिनाजोडे नको बठू.”

माझ्या मागे बसलेली बाई शेजारणीला हे हळूच म्हणाली. पण मला ऐकू येईल इतपतच हळू. मी वळून पाहिलं नाही. शेजारीण उठली, लुगडं सावरलं आणि सतरंजीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. माझ्या डाव्या हाताला दोन माणसांची जागा रिकामी झाली, ती कार्यक्रमभर रिकामीच राहिली.

ब्राह्मणपुरीच्या शाळेचं ते पटांगण होतं. समोरच्या भिंतीत काळी शिळा बसवलेली, तिच्यावर पिवळं कापड टाकलेलं. या गावचा मुलगा रतिलाल नरोत्तम पाटील आरमारात अधिकारी होता. लढाईत तो समुद्रात गेला. त्याचं नाव त्या शिळेवर कोरलं होतं. दुसरं महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती. कापड ओढायला प्रांतसाहेब यायचे होते, ते आले नव्हते, म्हणून लोक इकडचं तिकडचं बोलत होते. त्या इकडच्या तिकडच्यात मीही होते.

त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. मरणाची पत्रं वाचणं हेच माझं काम होतं. साडेतीन वर्षं मी ते केलं आणि बहुतेक वेळा चांगलं केलं. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा, असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा चांगल्या केलेल्या दिवसांबद्दल लिहावं असं मनात होतं. लिहायला बसल्यावर तो एक वाईट दिवसच पुढे येऊन बसला. तर आधी काम काय होतं ते सांगते.

लढाईच्या दिवसांत शहाद्याला, मामलेदार कचेरीच्या मागच्या दोन खोल्यांत, फौजेत गेलेल्यांच्या घरच्यांसाठी एक लहान कचेरी उघडली होती. पत्रं, तारा, फॉर्म सगळे इंग्रजीत येत. ते वाचणारा कारकून स्वतःच भरती होऊन निघून गेला. माझे वडील गावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधून मॅट्रिक होऊन नुकती घरी आले होते. इंग्रजी अस्खलित, मराठी बोलायला बरी, लिहायला कच्ची, आणि गावात जी अहिराणी चालते ती तर मला पहिले सहा महिने कळतच नव्हती. मामलेदारांनी वडिलांना विचारलं. वडिलांनी मला विचारलं नाही, सोमवारपासून जायचं एवढं सांगितलं.

मी अशी मुलगी होते की दुकानात रिबीन मागायची झाली तरी आईला पुढे करायची. आणि काम होतं परक्या माणसांसमोर मोठ्यानं वाचण्याचं.

मला काम शिकवलं ते हेडक्लार्क वाणीदादांनी. पन्नाशीचे, हडकुळे, कानात अत्तराचा बोळा. अहिराणी, गुजराती, मराठी, हिंदी, ज्याची जी असेल ती भाषा ते बोलत. इंग्रजीत मात्र फक्त सही. त्यांनी सांगितलेली पहिली रीत अशी : कागद हाती आला की आधी तो पूर्ण मनात वाचायचा, खालच्या सहीपर्यंत. मग मोठ्यानं. कारण मरण मधेच लिहिलेलं असलं तर वाचणारा अडखळतो, आणि अडखळला की समोरचं माणूस कागदाची वाट पाहत नाही, त्याचा चेहराच वाचतं. “चेहरा पाटीसारखा ठेवायचा, ताई. पुसलेल्या पाटीसारखा,” ते म्हणायचे. हे मला लवकर जमलं. लाजाळू माणसाची निम्मी उमर चेहरा लपवण्यातच गेलेली असते.

दुसरी रीत पाण्याची. मरणाची बातमी ऐकल्यावर माणसं अंघोळ होईपर्यंत पाणी घेत नाहीत, आणि बोरद-मंदाण्याकडून उन्हात चालत आलेल्यांना परत तेवढंच चालायचं असतं. म्हणून पत्र वाईट असलं की आधी पाणी द्यायचं, मग वाचायचं. महिन्याभरात बाजारभर झालं की त्या कचेरीत पाणी विचारलं म्हणजे माणूस गेला. लोक दारातूनच ओरडायला लागले, “आमले पानी नको, बाई.” एका म्हातारीनं तर पेल्याला हात लावायच्या आधीच रडायला सुरुवात केली, आणि तिच्या मुलाच्या पत्रात फक्त मोज्यांबद्दल होतं. मग आम्ही येईल त्याला पाणी द्यायला लागलो. माठ दोन करावे लागले. सरकारी कचेरीत लोकांना पाणी विचारतात असं आमचं नाव झालं, त्याचं खरं कारण हे.

तिसरी रीत कागदाची. आमच्या भागात, विशेषतः तापीकाठच्या गुजर घरांत, मरणाची चिठ्ठी उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेर वाचायची, तिथल्या तिथे फाडायची आणि मग अंघोळ. म्हणून सरकारी कागद आम्ही कोणाच्या हाती देत नसू. वाचून दाखवायचा, अंगठा घ्यायचा, फाइलला लावायचा. खासगी पत्राची गोष्ट वेगळी. ते ज्याचं त्याचं. त्याच्यावर कचेरीचा हक्क नाही.

आमच्याकडे नमुनेदार माणसंही पुष्कळ आली. कहाटूळचे एक गृहस्थ दर पंधरवड्याला मुलाचं पत्र आणत. मुलगा हौशी, गावाला इंग्रजी दाखवायला इंग्रजीत लिहायचा. पत्रं तपासणारे त्यातल्या निम्म्या ओळींवर काळी शाई फिरवायचे. मी उरलेलं वाचलं की ते समाधानी होत नसत. “काळं करेल शे तेच वाच ना, बाई. बाकीनं तर माले माहीत शे.” मी म्हणायची, ते वाचता येत नाही. ते म्हणत, मग तू शिकलीस काय पुण्याला?

मोलगीच्या पलीकडच्या डोंगरातून एक पावरा आदिवासी बाई तीन दिवस चालत आली होती. नवरा मजूर पलटणीत. मी इंग्रजीचं मराठी करायची, अक्कलकुव्याचा एक मिठाचा व्यापारी त्या मराठीचं तिच्या बोलीत करायचा. माझं वाक्य चार शब्दांचं, त्याचं संपता संपत नव्हतं. पाय मोडला होता, बरा होतोय, एवढीच बातमी होती. व्यापारी थांबला तेव्हा बाई हसत होती. मी त्याला विचारलं, तुम्ही एवढं काय सांगितलं? तो म्हणाला, “तुम्हीन पाय सांगा. मी बाकीना मानूस सांगा.” पाय मी सांगितला होता, उरलेला माणूस त्यानं. त्या दिवशी मला माझ्या कामातली उणीव पहिल्यांदा कळली. मी कागदावर असेल तेवढंच वाचत होते.

आता रतिलालबद्दल.

तो आमच्या कचेरीत एकदाच आला, रजेवर असताना. मला वाटलं होतं गणवेशात येईल. तो धोतर-सदऱ्यात आला, पायांना वाटेतली काळी माती. बडोद्याच्या कॉलेजात शिकलेला, म्हणून माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागला. घराबाहेर कोणी माझ्याशी इंग्रजीत बोलल्याला वर्ष झालं होतं. मी एका शब्दाचं उत्तर देऊ लागले तरी तो थांबेना. म्हणाला, आमच्या तालुक्यात होडी बघायची तर प्रकाशा गावी तापीवर जावं लागतं, आणि मी निघालो जहाजावर. वडील अजून विचारतात, “त्या समुद्रले दुसरा काठ ऱ्हास का?” काठ असतो म्हणून मी सांगतो, पण दिसत नाही म्हणालो की त्यांचा विश्वास बसत नाही. पुरात तापी पोहून जाणारा मुलगा आहे त्यांचा, दिसत नाही असा काठ त्यांना माहीत नाही.

त्याचं काम माझ्याकडे होतं. त्याची बायको यमुना मराठी सातवीची फायनल पास होती. गावात तेवढी शिकलेली ती एकटी. तिला धुळ्याच्या ट्रेनिंग कॉलेजात घालून मास्तरीण करायचं त्याच्या मनात होतं. माहितीपत्रक मागवायला इंग्रजीतून एक रीतसर पत्र लिहून हवं होतं. स्वतःला येत असून मला का सांगता, असं मी विचारलं. तो म्हणाला, मी लिहिलं तर नवऱ्याचं कौतुक वाटेल. कचेरीतून गेलं तर उत्तर येईल. मी लिहिलं. जाताना त्याने सांगितलं की आबा, म्हणजे त्याचे वडील, नाही म्हणत नाहीत. तू परत ये, मग बघू, म्हणतात.

आणि दारात उभा राहून म्हणाला, “जहाजावर तुमचं काही खरं नाही. तुम्ही बोलता ते टेबलापलीकडे पोचत नाही. एकदा मोठ्यानं बोलून बघा. काही होत नाही.”

मी हसले असेन. आठवत नाही.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीला तार आली. बेपत्ता. आमच्याकडे शब्द चार होते : जखमी, कैदेत, बेपत्ता, मृत. त्यातला बेपत्ता सगळ्यांत वाईट. मेलेल्याच्या घरचे रडतात, तेरावा करतात आणि शेतात जातात. बेपत्त्याच्या घरचे दर सोमवारी आमच्याकडे येतात. नरोत्तम आबा तीन महिने दर सोमवारी आले. मोठं पागोटं, हातात काठी, बोलणं कमी. मी आत पाहून नाही म्हणायची, ते मान हलवून जायचे. एकदाच एवढं म्हणाले, “तो तर पूरमा तापी वलांडे.” मला नाही, माठाकडे बघून.

मग पत्र आलं. सरकारी नव्हे. रतिलालच्या जहाजावरच्या एका मद्रासी अधिकाऱ्यानं इस्पितळातून लिहिलेलं, नरोत्तम पाटलांच्या नावानं. इंग्रजीत, म्हणून आबा ते न फोडता घेऊन आले. मी फोडलं. दोन पानं होती. रीतीप्रमाणे मी ती खिडकीशी उभी राहून, त्यांच्याकडे पाठ करून मनात वाचली. मग वाणीदादांकडे पाहिलं. त्यांनी पाणी दिलं. आबांनी घेतलं. आता पाणी सगळ्यांनाच मिळायचं, त्यामुळे त्यांना काही कळलं नसावं.

मी मराठीत सांगू लागले. पहाटे जहाजाला खालून धडक बसली. थोड्याच वेळात ते आडवं झालं. रतिलालनं खालच्या डेकवरची माणसं वर काढली, त्यात तेलानं त्याचे हात आणि छाती भाजली. तो, हे पत्र लिहिणारा अधिकारी आणि आणखी सात जण एका तराफ्यावर होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दूरवर आपलीच जहाजं जाताना दिसली. त्यांना थांबायचा हुकूम नव्हता. ती गेली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुमचा मुलगा शांतपणे गेला. ज्याला जी येत होती ती प्रार्थना बाकीच्यांनी म्हटली आणि त्याला पाण्यात सोडलं.

इथे पहिलं पान संपत होतं.

आबांनी हात वर केला. “बस व्हयनं, बाई. मरन लिखेल शे ना?”

मी म्हटलं, हो.

त्यांनी हात पुढे केला. मी दोन्ही पानं त्यांच्या हातात दिली. ते उठले, पायऱ्या उतरले, बाहेर गुरांसाठी बांधलेला हौद होता तिथे उभे राहिले, आणि दोन्ही पानं एकत्र धरून फाडली. मग पुन्हा. मग पुन्हा. तुकडे हौदात टाकले आणि काठी टेकत नदीच्या वाटेला लागले. मी दारात होते. त्यांच्यात आणि माझ्यात पाच पायऱ्या होत्या. अजून एक पान आहे, एवढंच म्हणायचं होतं. मी धावत हौदापाशी गेले ती ते दिसेनासे झाल्यावर. शाई पाण्यात पसरली होती. एका बैलानं तोंड घातलं.

दुसऱ्या पानावर होतं ते असं. शेवटच्या दिवशी तो फारसं बोलला नाही, पण एक गोष्ट दोनदा बोलला. वडिलांना लिही, यमुनेला माझ्या नावानं घरात बसवून ठेवू नका. तिला धुळ्याला पाठवा. मी आल्यावर बघायचं ठरलं होतं. मी येत नाही, तर माझ्याशिवाय बघा. आणि यमुनेला सांग, तिची पत्रं खिशात होती, ती भिजली, पण मला पाठ होती.

त्या आठवड्यात प्रकाशाला संगमावर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. देह नसला की तसं करतात. यमुनेच्या बांगड्या फुटल्या. हे मला वाणीदादांनी सांगितलं. मी त्यांना दुसऱ्या पानाबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी टाक पुसून ठेवला. मग म्हणाले, “सुतक संपू द्या, ताई. मग बघू.”

सुतक संपलं. मी एक पत्र लिहायला घेतलं, माझ्या कच्च्या मराठीत. चार वेळा लिहिलं. आपण न मागता दुसऱ्याच्या घरात शिरतोय असं वाटलं. पाचव्या वेळी लिहिलंच नाही.

सहा-सात महिन्यांनी यमुना आली. सासूला दवाखान्यात आणलं होतं. सासू आत गेल्यावर ती मागच्या बाजूनं कचेरीत आली. माझ्याच वयाची. पदर घट्ट ओढलेला. बोलली मात्र शाळेतल्यासारखं स्वच्छ. “ताई, पत्र तुम्ही वाचलं ना? त्यात माझ्याबद्दल काही होतं का?”

वाणीदादा बाहेर गेले होते. खोलीत आम्ही दोघीच. मी म्हणाले, “पत्र आबांच्या नावाचं होतं.”

हे उत्तर कचेरीच्या नियमाप्रमाणे बिनचूक होतं. ज्याच्या नावाचं पत्र, त्यालाच मजकूर. “बरं,” ती म्हणाली, आणि सासू बाहेर यायच्या आत निघून गेली. तिनं पुन्हा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावत होते. दोनदा विचारण्याची सवय तिलाही नव्हती.

त्याहून वाईट पुढेच आहे. शहाद्याच्या मुलींच्या शाळेला शिक्षिका मिळत नव्हती. शाळेच्या हेडमिस्ट्रेस, धिप्पाड आणि खणखणीत आवाजाच्या, एके दिवशी नरोत्तम आबा पेन्शनच्या सहीसाठी आल्याचं कळून मुद्दाम कचेरीत आल्या. सुनेला ट्रेनिंगला पाठवा, त्या म्हणाल्या, फायनल झालेली मुलगी चूल फुंकत बसवू नका. आबांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, पोऱ्या होता तेव्हा त्याच्या मनात होतं खरं. पण तो गेला. आता त्याच्या माघारी तिला बाहेर धाडली आणि काही बरंवाईट झालं तर त्याला काय तोंड दाखवू? मग काठीवर हनुवटी टेकून म्हणाले, “मन्हा पोऱ्यानी जाताना एक शब्द जरी लिखा राहता, तरी मी तिले धाडी देतू.”

मी त्याच टेबलाशी होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, मराठीत, एकही चूक नसलेलं. वाणीदादांनी माझ्याकडे पाहिलं. मी टाक दौतीत बुडवला आणि रजिस्टरमध्ये त्या दिवसाची तारीख दुसऱ्यांदा घातली.

त्या बाई निघून गेल्या. आबा सही करून गेले. वाणीदादा म्हणाले, आता बोललात तर उपयोग नाही, ताई. इतके दिवस का नाही बोललात असं विचारतील. शब्दाला कागद लागतो, कागद त्यांनीच फाडला. हेडमिस्ट्रेसनं तुम्हाला पढवलं म्हणतील. ते माझ्या भल्यासाठी बोलत होते, आणि मला तेच ऐकायचं होतं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना दुसरं पान वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

लढाई संपली, कचेरीला कुलूप लागलं, वाणीदादा नंदुरबारला मुलाकडे गेले. मी घरी बसले. वर्तमानपत्रांत लिहून यायचं की आमच्या जवानांची स्मृती अमर आहे. मी ज्यांची पत्रं वाचली त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा तालुक्याला आठवत नाहीत. डोंगरातल्यांची तर सरकारी कागदावरही धड नव्हती. एकाच नावाचे तिघे, आणि कोणता मेला हे ठरवायला तिघांच्या बायकांना बोलवावं लागलं. शिळा झाली ती रतिलालची. तो अधिकारी होता आणि त्याच्या गावात शाळा होती.

तर प्रांतसाहेब आले. कापड ओढलं. टाळ्या झाल्या. लढाईच्या काळात जे गृहस्थ रतिलालला गोऱ्यांचा नोकर म्हणत, त्यांनीच पहिलं भाषण केलं आणि तो देशासाठी गेला असं सांगितलं. शाळेचे मास्तर त्याहून पुढे गेले. जहाज बुडत असताना रतिलाल झेंड्याला सलाम करत ताठ उभा होता, म्हणाले. झेंडा कोणता ते त्यांनी सांगितलं नाही. मधल्या काळात झेंडा बदलला होता. तराफा नाही, तेल नाही, न थांबता गेलेली आपलीच जहाजं नाहीत. तीन दिवस नाहीत. एका सलामात सगळं आटोपलं. मास्तरांनी शेवटी सांगितलं की असा वीर मागे काही इच्छा ठेवून जात नाही.

यमुना ओसरीवर होती, खांबाच्या आड, पाण्याच्या घागरींजवळ. समारंभात विधवेनं पुढे यायचं नाही म्हणून तिला तिथे बसवलं होतं. पेले विसळून देण्याचं काम तिच्याकडे होतं. नवऱ्याचं नाव कोरलेली शिळा तिच्या जागेवरून दिसत नव्हती. मास्तरांच्या त्या शेवटच्या वाक्याला तिचा हात घागरीत तसाच थांबला, एवढं मी पाहिलं.

नरोत्तम आबा पहिल्या रांगेत होते. पागोटं तेच, आत माणूस लहान झालेला. आभार मानायला कोणीतरी उठत होतं, तेव्हा त्यांनी काठी वर केली. सगळीकडे पाहत पाहत त्यांनी मला शोधलं. माझ्या शेजारची जागा रिकामी असल्यानं सापडायला वेळ लागला नाही.

“तुम्हीन वाचं व्हतं, मडम,” ते म्हणाले. “मन्हा पोऱ्या कसा गया, हाई लोकेसले सांगी द्या.”

प्रांतसाहेबांनी घड्याळात पाहिलं. मी उठले. आबांना हवं होतं ते मला माहीत होतं : मुलगा धैर्यानं गेला, एवढं एक वाक्य. ते खरंही होतं. ते म्हणून मी खाली बसू शकले असते, आणि माझ्याबद्दल सगळ्यांचं चांगलं मत झालं असतं.

मी शिळेकडे पाठ केली आणि ओसरीकडे वळले. अंतर बरंच होतं, मधे सगळा गाव बसला होता. खांबाआडून मला फक्त तिचा हात आणि पेला दिसत होता. तिथवर पोचेल एवढ्या आवाजात मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

“यमुनाबाई, त्या पत्राला दुसरं पान होतं. ते तुमच्यासाठी होतं, आणि ते मी वाचलंय. मला पाठ आहे.”